आई-वडिलांना अंटार्क्टिकाला न्यायचंय: बोट निवडण्यापासून मोज्यातल्या कुसळापर्यंत

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वडील ६७ वर्षांचे, गुडघे दुखतात पण काठीशिवाय चालतात. आई ६२ ची, बीपीची गोळी सुरू. दोघांना अंटार्क्टिका दाखवायचंय आणि हातात दोन कोटेशनं आहेत. पहिलं दोन हजारांहून जास्त प्रवाशांच्या क्रूझचं, दक्षिण अमेरिकेच्या सहलीत 'चार दिवस अंटार्क्टिका' असं. दुसरं १८० प्रवाशांच्या बोटीचं, ११ दिवसांचं, आणि माणशी खर्च जवळजवळ दुप्पट. कोणतं घ्यावं, दिवाळीच्या सुट्टीत जावं की फेब्रुवारीत, वाटेतल्या ड्रेक पॅसेज या खवळलेल्या समुद्रात फार हाल होतात का, आणि कपडे कुठले घ्यावेत?

ही दोन कोटेशनं एकाच वस्तूच्या दोन किमती नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पहिल्या बोटीवरून तुमचे आई-वडील अंटार्क्टिका बघतील, दुसऱ्या बोटीवरून ते तिथे उतरतील. ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे एकही माणूस किनाऱ्यावर उतरवता येत नाही. छोट्या बोटींनाही एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि दर २० जणांमागे निदान एक गाइड किनाऱ्यावर असावा लागतो. अंटार्क्टिकाला प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांची आयाटो ही १९९१ मध्ये स्थापन झालेली संघटना हे नियम पाळते आणि अंटार्क्टिक कराराच्या देशांनीही ते मान्य केले आहेत. पहिल्या कोटेशनमध्ये 'सीनिक क्रूझिंग' असा शब्द असेल, बघा. त्याचा अर्थ डेकवरून दर्शन, उतरणं नाही.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न दोन भागांत आहे. आई-वडिलांना जमिनीवर पाय ठेवायचाय का? आणि हो असेल, तर त्यांच्या गुडघ्यांना ते झेपेल का? बोट, महिना, खोली, कपडे, सगळं या दोन उत्तरांवर ठरतं. म्हणून मी तयारीला लागणाऱ्यांना किनाऱ्यापासून उलटं मोजायला सांगतो.

११ दिवसांचं गणित आधी मांडू. पहिल्या दिवशी दुपारी अर्जेंटिनाच्या उशुआइया बंदरात बोटीवर चढायचं. दुसरा-तिसरा दिवस ड्रेक पॅसेज ओलांडण्यात. नववा-दहावा परतीच्या ड्रेकमध्ये. अकराव्या दिवशी सकाळी नाश्ता करून उतरायचं. म्हणजे हातात उरले पाच दिवस. रोज सकाळी एक आणि दुपारी एक अशा जास्तीत जास्त दहा फेऱ्या, आणि त्यातल्या दोन-तीन वारा, लाटा किंवा बर्फ खाऊन टाकतील असं धरूनच चला. १०० प्रवाशांची बोट असेल तर तीन तासांची फेरी सगळ्यांना पूर्ण मिळते. तुमच्या १८० च्या बोटीवर दोन गट पडतील. एक गट किनाऱ्यावर असताना दुसरा रबरी बोटीतून हिमनगांमध्ये फिरेल, मग अदलाबदल. यात वाया काही जात नाही, उलट गुडघेवाल्या माणसाला हे सोयीचंच. ४०० प्रवाशांच्या बोटीवर मात्र चार पाळ्या लागतात आणि किनाऱ्यावरचा वेळ तासाभरावर येतो. शिवाय २०० च्या वरच्या बोटींवर कुठे उतरायचं यावरही जास्त निर्बंध आहेत. माझ्या मते २०० च्या आतली बोट घ्यावी, आणि पैसे कमी पडत असतील तर खोली साधी घ्यावी. असा प्रवास दोघांच्या साध्या खोलीत माणशी साधारण ८ ते १५ हजार डॉलरला पडतो, विमानभाडं वेगळं. बाल्कनीसाठी जो मोठा फरक मोजावा लागतो तो मला पटत नाही. व्हेल दिसला की सगळे डेकवरच धावतात.

आता गुडघे. बोट किनाऱ्याला लागत नाही, तिथे धक्काच नाही. बोटीच्या अंगाला लावलेला अरुंद, उतरता जिना असतो. त्यावरून खाली आलं की झोडियाक नावाची हवा भरलेली रबरी बोट लाटेवर वर-खाली होत उभी असते. साधारण दहा माणसं बसतात, दोन्ही बाजूंच्या जाड फुग्यांवर. चढायची पद्धत ठरलेली आहे. पाठपिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबायचं. खलाशी हात पुढे करतो, तेव्हा पंजात पंजा द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट वरून धरायचं. ओले हातमोजे पंजातून सुटतात, मनगट सुटत नाही. खलाशी म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं: आधी फुग्यावर, मग आतल्या पायरीवर, मग तळावर, आणि लगेच बसून बसल्या-बसल्याच सरकत जायचं. झोडियाकमध्ये न विचारता उभं राहायचं नाही.

उतरताना बहुतेक ठिकाणी धक्क्याऐवजी गोट्यांचा किनारा असतो. फुग्यावर बसून दोन्ही पाय उचलायचे, बाहेरच्या बाजूला फिरवायचे आणि घोट्याइतक्या, कधी पोटरीइतक्या पाण्यात उभं राहायचं. तळाशी गोल, निसरडे दगड असतात. सगळ्या सफरीत वडिलांच्या गुडघ्यांची परीक्षा घेणारी हालचाल हीच, आणि परत चढताना उलट्या क्रमानं करायची ती धरून रोज चारेक वेळा करावी लागणार.

हे घरीच तपासता येतं. बागेतल्या गुडघ्याएवढ्या उंच कट्ट्यावर वडिलांना बसवा. दोन्ही पाय उचलून पलीकडच्या बाजूला टाकायचे आणि एका हाताचा आधार घेऊन उभं राहायचं. लागोपाठ पाच वेळा. मग गमबूट घालून कठड्याला धरून दोन मजले चढ-उतार. हे जमलं आणि दुसऱ्या दिवशी सूज आली नाही, तर झोडियाकची भीती बाळगू नका. मांडीचे स्नायू हा गुडघ्याचा खरा आधार असल्यानं फिजिओथेरपिस्टकडून तीन-चार महिने व्यायाम करून घेतले तर फरक पडतो. बोट ठरवताना कंपनीला एक गोष्ट लेखी विचारा: झोडियाकमध्ये चढायला बाहेरचा जिना आहे की पाण्याच्या पातळीला उघडणारं दार? काही बोटींना असं दार असतं आणि तिथे पायऱ्या फारच कमी पडतात. वडिलांसाठी हे दार बाल्कनीपेक्षा कितीतरी मोलाचं.

अजून एक बाब गुडघेदुखी असणाऱ्यांना कोणी आधी सांगत नाही. किनाऱ्यावर गेल्यावर बसता येत नाही. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू २०२३-२४ च्या हंगामात अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत, म्हणजे या बोटी जातात त्या भागापर्यंत, पोचला. पक्ष्यांच्या विष्ठेतून तो कपड्यांवर येऊ नये आणि एका वसाहतीतून दुसरीकडे जाऊ नये म्हणून जमिनीवर किंवा बर्फावर बसणं, गुडघे टेकणं, आडवं होणं, पिशवी खाली ठेवणं, सगळं बंद आहे. फक्त बुटांचे तळवे जमिनीला लागायचे. म्हणजे वडिलांना तास-दीड तास उभं राहता आलं पाहिजे. दमले तर गाइडला सांगायचं. झोडियाकची बोटीकडे ये-जा चालूच असते, ते लवकर परत पाठवतात. चालायच्या काठ्या बहुतेक बोटींवर मिळतात. मागायला लाजू नका, पन्नाशीतली धडधाकट माणसंही घेतात.

तिथे स्वच्छतागृहही नाही, आणि आडोशाला जाणं पूर्ण निषिद्ध. तुमच्या आईंची बीपीची गोळी लघवी जास्त करणारी असेल, तर फेरीच्या सकाळी ती किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. गोळी स्वतःहून चुकवू नका, वेळ बदलून घ्या. ही एक गोष्ट ठरवली नाही तर माणूस पेंग्विन बघायचं सोडून घड्याळ बघत राहतो.

महिन्याचा निर्णय मी गुडघ्यांवरूनच करीन. हंगाम ऑक्टोबरअखेरीपासून मार्चपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास गेलात तर सगळं पांढरंशुभ्र, पेंग्विन नुकतेच वसाहतीत आलेले, जोड्या जमतायत, खडे वेचून घरटी बांधतायत. देखणा काळ, शिवाय दर जरा कमी. पण बर्फ ताजा आणि मऊ असतो. पाय मांडीपर्यंत रुततो, आणि रुतलेला पाय उपसून काढणं दुखऱ्या गुडघ्याला सगळ्यात वाईट. डिसेंबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत पिल्लं बाहेर येतात, दिवस जवळजवळ संपत नाही, आणि दरही सगळ्यात चढे. फेब्रुवारीत किनाऱ्यावरचा बर्फ पुष्कळ वितळलेला असतो, वाट खडकांवरून. हंपबॅक व्हेल याच सुमाराला जास्त दिसतात. पिल्लं मोठी होऊन खाण्यासाठी आईबापांमागे वसाहतभर पळत असतात. याचा तोटा म्हणजे चिखल आणि पेंग्विनच्या विष्ठेचा वास, आणि त्या चिखलावर पाय घसरतो. तरीही काठी घेऊन घसरण सांभाळता येते, रुतणं सांभाळता येत नाही. तुमच्यासाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य.

आता ड्रेक. दक्षिण अमेरिकेचं टोक केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं यांच्यामधला हा सुमारे ८०० किलोमीटरचा समुद्र. त्या अक्षांशांवर पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती सलग फिरतात. मध्ये त्यांना अडवायला जमीनच नाही, म्हणून लाटा मोठ्या होतात. कधी दोन मीटरची लाट, कधी आठची. कोणत्या आठवड्यात काय मिळेल हे बुकिंगच्या वेळी कोणीही सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंना दीड-दोन दिवस ते सोसायची मनाची तयारी ठेवायची. गेटवेहून मांडव्याला लाँचने जाताना जोराच्या वाऱ्यात दोघांना बोट लागते का, आठवून बघा. लागत असेल तर गोळ्यांचं नियोजन जास्त काटेकोर करायला हवं.

बोट लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात टिकतच नाही. बोट संध्याकाळी निघते, पहिले काही तास बीगल खाडीच्या शांत पाण्यात जातात, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला उघडा समुद्र लागतो. जेवताना सगळे खुशीत असतात आणि इथेच चूक होते: 'काहीच हलत नाहीये, गोळी कशाला?' गोळी त्या जेवणाआधीच घ्यायची आणि मग डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं पहिले दोन दिवस चालू ठेवायची. सिनारिझिन, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन ही नेहमीची औषधं. प्रोमेथाझिननं झोप फार येते, आणि हलत्या बोटीवर पेंगुळलेला वयस्कर माणूस पडतो. कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीचं नाव तुम्हाला कोणी सुचवेल. वडिलांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती लावू नये. वयस्कर माणसांना तिनं भ्रमही होऊ शकतो. कुठलंही औषध नाशकातच एकदा घेऊन अंगाला कसं लागतं ते बघा. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, सफरचंद, सुंठ किंवा आलेपाक जवळ असू द्या. उलट्या झाल्या तर आईंच्या बाबतीत बोटीवरच्या डॉक्टरांना लगेच सांगा, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना बीपीची गोळी चालू राहिली तर बीपी खाली येऊन चक्कर येते.

खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यभागी मागा. बोट सी-सॉसारखी डुलते, मधला भाग सगळ्यात कमी हलतो. वरच्या मजल्यावरच्या महागड्या खोल्या जास्त झुलतात. खाली गोल खिडकी मिळेल आणि वादळात तिच्यावर लोखंडी झाकण लावतील, दोन दिवस बाहेरचं दिसणार नाही, एवढाच तोटा.

ड्रेकमध्ये खरी इजा लाटेनं होत नाही, दारानं होते. बोटीची दारं जड असतात. तोल गेला की माणूस चौकटीला धरतो, त्याच वेळी बोट कलते, दार मिटतं आणि हाताची बोटं सापडतात. दोघांना आत्तापासून सांगा: दाराची मूठच धरायची, चौकट कधीच नाही. चालताना एक हात कायम कठड्यावर, त्यामुळे चहाचा कप आणि मोबाइल दोन्ही एकदम हातात नकोत. अंघोळ बसून करता येत नसेल तर त्या दोन दिवसांत ओल्या फडक्यानं अंग पुसून भागवा.

'विमानानंच पलीकडे गेलो तर?' असंही विचाराल. चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर सुमारे दोन तासांत जाता येतं आणि बोट तिथे भेटते. ड्रेक टळतो, दिवस वाचतात, पैसे जास्त लागतात. पण धावपट्टी खडीची, धुकं असलं की विमान उतरतच नाही, त्यामुळे मागेपुढे राखीव दिवस ठेवावे लागतात. शिवाय धावपट्टीपासून किनाऱ्यापर्यंत खडबडीत वाटेनं चालावं लागतं आणि पुढे झोडियाक आहेच. म्हणजे पोटाचा त्रास वाचला तरी गुडघ्यांचा वाचत नाही. तुमच्या बाबतीत मी बोटीनंच जा म्हणेन.

विम्याकडे मी कपड्यांपेक्षा आधी बघतो. बोटीवर डॉक्टर आणि लहानसा दवाखाना असतो. तिथे प्लास्टर होईल, सलाइन लागेल. हृदयविकाराचा झटका किंवा खुब्याचं हाड मोडणं यासाठी माणसाला पुंता अरेनास किंवा उशुआइयाला न्यावं लागतं, विमान मिळालं तर किंग जॉर्ज बेटावरून, नाही तर बोटीनं दोन दिवस. हा खर्च प्रचंड असतो, म्हणून बहुतेक कंपन्या आणीबाणीत हलवण्याच्या खर्चाचं कव्हर असल्याशिवाय बोटीवर घेत नाहीत. रक्कम त्या सांगतात, पुष्कळदा १ लाख डॉलरच्या वर. आपल्याकडच्या 'जगभर' म्हणवणाऱ्या पॉलिसीत अंटार्क्टिका वगळलेलं असू शकतं, वयाची मर्यादा असू शकते, आणि आधीपासूनच्या आजाराला फक्त जीवावर बेतलं तरच पैसे मिळतील अशी अट असू शकते. एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका. विमा कंपनीला ईमेल करा, त्यात 'अंटार्क्टिका, ६० अक्षांशाच्या दक्षिणेला, बोटीनं' असं स्पष्ट लिहा आणि लेखी होकार घ्या. बीपी आणि गुडघे दोन्ही लपवू नका. बोटीच्या वैद्यकीय फॉर्मवर एक आणि विम्याच्या फॉर्मवर दुसरंच, असं झालं की दावा फेटाळला जातो. औषधं प्रवासाच्या दिवसांहून दहा दिवस जास्तीची, दोन वेगळ्या पिशव्यांत, मूळ वेष्टनात, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव.

कपड्यांवर लोक गरजेपेक्षा फार खर्च करतात. उन्हाळ्यात द्वीपकल्पावर तापमान शून्याच्या आसपास, पाच-सहा अंश वर-खाली. जानेवारीतलं लेह याहून कितीतरी थंड. इथे छळतं ते वारं आणि अंगावर उडणारं पाणी. म्हणून सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे पूर्ण जलरोधक पँट. जीन्स नको, नुसती 'पाणी-प्रतिरोधक' ट्रेकिंग पँटही नको, झोडियाकच्या फुग्यावर दहा मिनिटं बसलं की ती भिजते. आत लोकरीची किंवा पॉलिस्टरची थर्मल, त्यावर फ्लीस, वर जलरोधक जाकीट. जाकीट पुष्कळ कंपन्या देतात आणि गमबूट बहुतेक बोटींवर उसने मिळतात, तेव्हा विकत घेण्याआधी विचारा. पायांचं माप देताना जाड मोजे घालून मोजा. सुती बनियन आणि सुती मोजे अजिबात नकोत, घामानं ओले होतात आणि वाळत नाहीत. पँट नेहमी गमबुटाच्या बाहेरून सोडायची. आत खोचली की एक लाट आली तरी बूट पाण्यानं भरतो आणि ती फेरी तिथेच संपते. हातमोजे दोन थरांत आणि दोन जोड, कारण एक जोड भिजणारच. कानटोपी घरचीच चालेल. गॉगल आणि ५० एसपीएफचं सनस्क्रीन विसरू नका. बर्फावरून उलटणारं ऊन नाकपुड्यांच्या आतही भाजतं. बोटीच्या आत मात्र वीस-बावीस अंश असतं, तिथे साधे कपडे पुरतात.

बॅग भरताना एक काम डोळ्यांत तेल घालून करा. किनाऱ्यावर जाण्याआधी बोटीवर सगळ्यांचे कपडे, पिशव्या, कॅमेऱ्याच्या केसा तपासतात आणि व्हॅक्यूमनं साफ करून घेतात. बाहेरचं बी तिथे रुजू नये म्हणून. ही काळजी फुकाची नाही: किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की केंद्राजवळ पोआ अॅनुआ हे बाहेरून आलेलं गवत खरंच रुजलं आणि ते उपटून काढायला फार कष्ट पडले. आपल्या लोकांच्या सामानात नेमकी कुसळं सापडतात. पावसाळ्यानंतर सह्याद्रीत फिरलेले मोजे, बुटांच्या नाड्या आणि जाकिटाचा व्हेल्क्रो घेऊन उजेडात बसा. व्हेल्क्रोच्या आकड्यांत कुसळाचं टोक अडकलेलं असतं, धुऊनही निघत नाही, चिमट्यानं एकेक काढावं लागतं. खिशाचे कोपरे उलटे करा. बडीशेप, तीळ, चिवड्यातली मोहरी, सगळं बीच आहे. किनाऱ्यावर कुठलाही खाऊ न्यायचा नाही, चघळायची गोळीसुद्धा नाही. जाता-येता गमबूट ब्रशनं घासून जंतुनाशकाच्या तबकात बुडवायचे. हे करताना वाकावं लागतं, तेव्हा वडिलांना कोणीतरी धरावं.

किनाऱ्यावर पेंग्विनपासून निदान ५ मीटर, फर सीलपासून १५. पेंग्विनच्या ये-जा करण्याच्या बर्फातल्या वाटा खोलगट, मळकट दिसतात. तिथे आपण थांबायचं, ते आधी जातील. बर्फात तुमचा पाय खोल रुतला तर तो खड्डा बुजवूनच पुढे जा, कारण पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. नेको हार्बरसारख्या ठिकाणी समोरच हिमनदी आहे. तिचा कडा कोसळला की काही मिनिटांत मोठी लाट किनाऱ्यावर येते. म्हणून गाइड पाण्याच्या कडेला थांबू देत नाहीत. 'वर या' म्हटलं की फोटो सोडून वर चढायचं. ड्रोन बंदी आहे, न्यायचाच नाही. बोट सोडताना आणि परतल्यावर आपला बिल्ला उलटवायचा किंवा कार्ड दाखवायचं असतं. विसरलात तर तुम्ही किनाऱ्यावरच राहिलात असं समजून शोध सुरू होतो.

आपल्याकडचे प्रवासी हमखास विचारतात: भारताचं केंद्र दिसेल का? नाही. मैत्री १९८९ चं आणि भारती २०१२ चं, दोन्ही पूर्व अंटार्क्टिकात, या मार्गापासून हजारो किलोमीटर दूर. वडिलांना त्यात रस असेल तर १९८१ मध्ये पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली होती, आणि आजही या मोहिमांचं काम गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतं. द्वीपकल्पावर पोर्ट लॉक्रॉय हे १९४४ चं ब्रिटिश ठाणं दिसू शकतं. आज ते संग्रहालय आणि टपाल कार्यालय आहे, पोस्टकार्डं तिथूनच टाका. जेवणात शाकाहार मिळतो, फक्त बुकिंगच्या वेळी लेखी कळवा. जैन जेवण मात्र बहुतेक बोटींवर अवघड जातं.

शेवटी जाण्याचा मार्ग, आणि इथे घाई नको. बोट कोणासाठीही थांबत नाही, त्यामुळे उशुआइयाला निदान दोन दिवस आधी पोचा. ब्युनोस आयर्सला आंतरराष्ट्रीय विमान एझेइझा विमानतळावर उतरतं आणि उशुआइयाचं बहुतेकदा शहरातल्या एरोपार्के विमानतळावरून सुटतं. दोन्हींच्या मध्ये अख्खं शहर आहे. त्याच दिवशीचं जोडविमान घेऊ नका, आई-वडिलांना एक रात्र झोप मिळू द्या. अर्जेंटिनाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असतं. अंतर्गत विमानात सामानाची मर्यादा कमी, पुष्कळदा १५ किलो. औषधं, एक थर्मल आणि जलरोधक पँट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तरी एवढ्यावर निभावतं, बाकीचं उशुआइयात भाड्यानं मिळतं. अर्जेंटिनाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा मागा. अमेरिकेचा चालू व्हिसा असणाऱ्यांना सवलती आहेत, पण त्यांचे नियम बदलत राहतात, म्हणून मुंबईतल्या अर्जेंटिनाच्या वकिलातीकडूनच खात्री करा. एजंटकडून सहल घेतलीत तर टीसीएस, म्हणजे सहलीच्या रकमेवर एजंटनं आधीच गोळा करायचा कर, घेतला जाईल, तो आयकर विवरणात वळता करून घ्या.

आणि डिपॉझिट भरण्याआधी पीतज्वराच्या लसीचा विषय मिटवा. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना आहे. ब्राझील आणि इथिओपियाही आहेत आणि पुष्कळ विमानं त्याच वाटेनं जातात. अशा देशातून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रावरच, प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. तुमचे आई आणि वडील दोघेही साठीच्या पुढचे आहेत. त्या वयात या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, आणि अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल तर ती देतच नाहीत. म्हणून दोघांच्या फिजिशियनला बीपीचे कागद दाखवून आधी विचारा. ते नको म्हणाले तर तसं पत्र घ्या आणि मुंबईच्या विमानतळ आरोग्य कार्यालयाला दाखवून परतल्यावर ते चालेल का, हे विचारून ठेवा. तिथलं उत्तर हातात आलं की बोटीचे पैसे भरा.